‘पुढे’ लिहिलेलं बटण

मशीनचा हिरवा दिवा जाऊन पिवळा लागला तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते, आणि घरात माधुरी आणि तिचे सासरे देवराम, अशी दोघंच होती.

देवराम बावीस वर्षं खडीच्या क्रशरवर कामाला होते. ती धूळ छातीत बसली ती बसलीच. आता फुफ्फुसं दगडासारखी झालीत, असं मुरबाडच्या डॉक्टरांनी शेखरला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेव्हापासून, म्हणजे आठ महिन्यांपासून, पडवीला लागून असलेल्या खोलीत त्यांची खाट आणि खाटेला खेटून ऑक्सिजनचं मशीन होतं. मुरबाडच्या एका संस्थेनं ते वापरायला दिलं होतं. उंचीला गुडघ्याच्या वर, चाकं लावलेलं, दिवसरात्र घुमत राहणारं. त्यातून निघालेली नळी देवरामांच्या नाकात. मशीन बसवायला आलेल्या माणसाला पुढच्या गावाला जायचं होतं. त्यानं दहा मिनिटांत सगळं सांगून टाकलं, “हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. पिवळा लागला की हवा येते, पण तिच्यात दम नाही. मग कंपनीला कळवायचं.” आणि एक कार्ड दिलं. कार्डावर वेबसाइटचा पत्ता होता, काळ्या ठिपक्यांचा चौकोन होता, पण फोन नंबर नव्हता. तो नाही हे तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पिवळ्या दिव्याबरोबर मशीन दर काही सेकंदांनी बारीक किंचाळू लागलं.

“काय झाला गो?” देवरामांनी विचारलं. चार शब्द बोलायचे तर त्यांना मधे एकदा थांबावं लागायचं.

“काय नाय बाबा. मी बघते ना.”

तिनं त्यांच्या बोटाला ऑक्सिजनचा आकडा दाखवणारा चिमटा लावला. एक्क्याण्णव. रोज चौऱ्याण्णव-पंच्याण्णव असायचं. डॉक्टरांनी तिला समोर बसवून बजावलं होतं, नव्वदच्या खाली गेलं तर लक्ष द्या, पंच्याऐंशीच्या खाली गेलं तर कोणाची वाट बघू नका.

शेखर आटगावजवळच्या एका गोदामात कामाला होता. पहाटे मोटारसायकल काढून निघायचा, आणि गेटवर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागायचा तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत, म्हणजे एकपर्यंत. सासू, सकुबाई, भात झोडायला शेतावर गेली होती. शेत ओढ्यापलीकडे, चालत अर्धा तास, आणि ती फोन वापरत नसे. घरात एक लहान सिलिंडरही असायचा, लाइट गेली तर उपयोगी यावा म्हणून. पण गेल्या आठवड्यात लाइट दोनदा गेली होती, सिलिंडर संपला होता आणि भरायला मुरबाडला दिलेला होता. उद्या शेखर तो घेऊन येणार होता.

माधुरी बारावी शिकलेली. मोबाइलमधलं काहीही अडलं की आजूबाजूच्या चार घरच्या बायका तिच्याकडे यायच्या. रेशनकार्डाचा आधार जोडणं असो की पोरांचे शाळेचे फॉर्म, ती बसल्या जागी करून द्यायची. तेव्हा तिनं कार्ड काढलं, ठिपक्यांच्या चौकोनावर फोन धरला आणि तिला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे.

वेबसाइट उघडली. वर मोठं चित्र, बागेत हसत बसलेले एक आजोबा आणि त्यांची नात. आजोबांच्या नाकात नळी नव्हती. चित्राखाली बारीक अक्षरांत ‘मदत’ लिहिलेलं होतं. माधुरी त्यावर बोट ठेवणार एवढ्यात चित्र बदललं, नवं चित्र जरा उंच होतं, त्यानं खालचं सगळं आणखी खाली ढकललं, आणि तिचं बोट ‘आमची नवी उत्पादनं’वर पडलं. ती मागे आली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिनं चित्र बदलायची वाट पाहिली आणि बदलल्याबरोबर बोट मारलं, तेव्हा कुठं मदतीचं पान उघडलं.

तिथं आधी जिल्हा विचारला. ठाणे. मग तालुका. यादी खालीवर सरकवून पाहिली. मुरबाड नव्हतंच. शहापूर होतं. तालुका भरल्याशिवाय पान पुढे सरकेना. तिनं शहापूर निवडलं. चुकीचं काहीतरी लिहून देतोय असं वाटलं, तरी ती पुढे गेली.

मग मशीनचा नंबर. तो मशीनच्या पाठीमागे, अगदी खाली, चांदीच्या पट्टीवर. माधुरीनं भिंतीपासून मशीन ओढलं, जमिनीवर आडवी झाली, टॉर्च मारून चौदा आकडे वाचले. भरायच्या चौकटीत एका वेळी सहाच आकडे दिसत. आपण बरोबर लिहिलं की नाही हे पाहायचं तर बोटानं आत सरकवावं लागे, आणि सरकवलं की शेवटचा आकडा पुसला जाई. उठता उठता फोन तिच्या हातात आडवा झाला. पानही आडवं झालं, आणि भरलेलं सगळं गेलं. जिल्हा, तालुका, आकडे, सगळं.

मागे मशीन ओरडतच होतं.

“नव्वद,” देवराम म्हणाले. ते आपल्या बोटाकडे पाहत होते.

“नका बघू त्याच्याकडं, बाबा. डोळे मिटून पडा.”

तिनं पुन्हा सगळं भरलं, या वेळी आकडे आधी तळहातावर पेनानं लिहून घेतले. शेवटी एकदाचं ते पान आलं. ‘पिवळा दिवा: उपाय’. वर पुन्हा ते आजोबा आणि नात, आता लहान आकारात, पण पान कितीही वर सरकवलं तरी पट्टीसारखे वरच चिकटून बसलेले. त्यांच्या लगेच खाली पहिली ओळ दिसली ती अशी: ‘एकक बंद करा व प्लग काढा.’

एकक म्हणजे काय ते तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मशीन.

खाली लाल अक्षरांत होतं: ‘सर्व पायऱ्या पूर्ण होईपर्यंत एकक पुन्हा सुरू करू नये. तसे केल्यास कायमचा बिघाड होऊ शकतो.’

ती थांबली. मशीन बंद करायचं म्हणजे बाबांचा श्वास बंद करायचा. पण कंपनीनंच लिहिलंय. बनवणाऱ्यांना कळत नसेल तर कोणाला कळणार? संडासला जाताना ते नळी काढून दोन-तीन मिनिटं राहतातच की. तेवढ्यात होऊन जाईल.

“बाबा, दोन मिनिटं बंद करते. हलू नका, बोलू नका.”

तिनं बटण दाबलं आणि प्लग काढला.

आठ महिने त्या घरात तो घुमणारा आवाज कधी थांबला नव्हता, लाइट गेलेली सोडली तर. आता दूरच्या खळ्यावरचं झोडणीचं यंत्र ऐकू येऊ लागलं, कोंबड्या ऐकू येऊ लागल्या, आणि सर्वांत जवळून देवरामांचा श्वास. माठात तळाशी पाणी राहिलं की पेला घासतो तसा.

पानावर पुढची ओळ नव्हती. खाली उजव्या कोपऱ्यात ‘पुढे’ लिहिलेलं निळं बटण होतं, म्हणजे त्याचा ‘पु’ तेवढा दिसत होता. बाकीच्या बटणावर एक गोल चेहरा येऊन बसला होता. हसणारी मुलगी, आणि तिच्या तोंडातून निघालेला फुगा: ‘मी रिया. मी आपली काय मदत करू?’

माधुरीनं ‘पु’वर बोट टेकवलं. रिया उघडली. पूर्ण पडदा व्यापून तिनं विचारलं, आपलं नाव काय? माधुरीनं ती बंद केली. रिया परत कोपऱ्यात जाऊन बसली, त्याच बटणावर. पुन्हा दाबलं, पुन्हा रिया. बोटाऐवजी नखानं दाबलं. रिया. पान खाली ओढलं, तर तळाची एक काळी पट्टी वर आली, ‘आम्ही आपल्या खासगीपणाचा आदर करतो’, आणि तिनं राहिलेला ‘पु’ही झाकून टाकला.

“सत्त्याऐंशी,” देवराम म्हणाले.

“बोलू नका म्हटलं ना.”

तिनं रियालाच लिहिलं. मशीन बंद आहे, पुढे काय करू? रियानं उत्तर दिलं, आपल्या जवळचं विक्री केंद्र शोधण्यासाठी पिनकोड टाका. तिनं लिहिलं, माणूस घरी आहे, त्यांना दम लागलाय. रिया म्हणाली, क्षमस्व, मला समजलं नाही, खालीलपैकी एक पर्याय निवडा. पर्याय तीन होते. एकातही माणूस नव्हता.

तळहाताला घाम सुटून तिथले आकडे फिसकटले होते. फोनला बोटं चिकटत होती. तिनं वर पाहिलं. देवराम पडलेले नव्हते, उठून बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे, आणि गळ्याखालची खळगी दर श्वासाला आत ओढली जात होती. ओठ जांभळाच्या रंगाचे. चिमट्यावर एकोणऐंशी होते.

ते तिच्याकडेच बघत होते. काही बोलत नव्हते. तीच बोलू नका म्हणाली होती.

मशीन चालू करावं, तर लाल अक्षरं डोळ्यांसमोर. कायमचा बिघाड. मशीन कायमचं बिघडलं तर एकपर्यंत काय करायचं? दुसरं मशीन कुठून आणायचं? आणि नाही चालू केलं तर? तिचं बोट पुन्हा पडद्याकडे गेलं, अजून एकदा, फक्त एकदा, कदाचित या वेळी बटण लागेल. लागलं नाही. आजोबा आणि नात हसत होते.

चिमट्यावर चौऱ्याहत्तर.

तिनं फोन खाटेवर टाकला, प्लग खोचला आणि बटण दाबलं. मशीन पहिल्यांदा नुसतंच खोकल्यासारखं हललं. त्या अर्ध्या मिनिटात माधुरीला आपण काय केलं ते पूर्ण दिसलं. या हातानं बंद केलं. मग ते घुमू लागलं. दिवा पिवळाच, ओरडणंही तसंच, पण नळीच्या टोकाशी गाल धरल्यावर वारा लागला. तिनं देवरामांची पाठ आपल्या छातीला टेकवून धरली आणि एका हातानं समीक्षाला फोन लावला.

समीक्षा उपकेंद्रातली नर्स. तिनं पहिलंच विचारलं, “आकडा किती?”

“चौऱ्याहत्तर होता. आता शहात्तर. ताई, बाबा काळे पडलेत.”

“मशीन चालू हाय ना? बंद करू नको. त्यांना पुढं वाकून बसव, उशीवर हात टेकवून. ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायला सांग, फुंकर मारतात तसा. मी एकशे आठला फोन करते आन् निघते. फोन चालू ठेव.” मग गाडीला किक मारल्याचा आवाज आला आणि त्या आवाजावर समीक्षा ओरडून म्हणाली, “मशीनच्या मागं जाळी असल. तिच्या आत स्पंज असतो, बघ, निघतो का.”

माधुरीनं हात मागे घातला. जाळी नखानं निघाली. आतला स्पंज काळा असतो हे तिला नंतर कळलं. तेव्हा तो भाताच्या तुसानं पिवळा, कांबळीसारखा जाड झाला होता. आठ दिवस शेजारच्या खळ्यावर झोडणी चालली होती, आणि खिडकी त्याच बाजूला होती. तिनं तो ओढून काढला.

तीन-चार मिनिटांनी ओरडणं थांबलं. तिनं मान वळवली तर दिवा हिरवा होता.

समीक्षा आली तेव्हा चौऱ्याऐंशी होते. अॅम्ब्युलन्स पाऊण तासानं आली तोवर नव्वद. तरी त्यांना मुरबाडच्या दवाखान्यात नेलंच, रात्रभर ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडलं. येताना शेखरनं भरलेला सिलिंडरही आणला.

दवाखान्यातच शेखरनं तिला विचारलं होतं, “पण आकडा एवढा खाली गेला कसा?”

आणि माधुरीनं सांगितलं होतं, “मशीन आपोआप बंद पडला.”

ती हे ठरवून बोलली नव्हती. तोंडून निघून गेलं. पण एकदा निघाल्यावर ते मागे घेता येईना. सकुबाई शेजारच्या धोंडूबाईला सांगत होती, माझ्या सुनेनं एकटीनं शेखरच्या बाबाला वाचवला. ते ऐकलं की माधुरी उठून आत जायची. ती देवरामांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळू लागली. त्यांना औषध देताना, चिमटा लावताना, ती चिमट्याकडेच बघायची. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. त्यांनी पाहिलंय. त्यांनी कधीही सांगितलं तर.

शेखरनं संस्थेला सांगितलं, संस्थेनं कंपनीकडे तक्रार केली, आणि तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. रविंद्र नाव, पंचविशीतला. तक्रारीतही तालुका शहापूरच लागला होता, म्हणून तो आधी तिकडे जाऊन आला होता, तिथं या नावाचं गावच नाही म्हणून दोन तास फिरला होता. त्यानं मशीनला एक वायर जोडली आणि आपल्या फोनवर काहीतरी वाचत बसला. शेखर सुट्टी घेऊन घरी होता. सकुबाई दाराशी सूप घेऊन बसली होती.

“आपोआप बंद पडलं असं लिहिलंय तक्रारीत,” रविंद्र म्हणाला. “पण याच्या आत नोंद राहते. हे बघा. बटणानं बंद केलंय. सव्वासात मिनिटं बंद होतं.”

सकुबाईचं सूप थांबलं. शेखर माधुरीकडे बघू लागला.

“मी सांगितला,” देवराम म्हणाले. श्वास घेतला. “आवाजानं डोका फिरला. मीच म्हटलं तिला, बंद कर.”

माधुरीनं तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. ते शांत होते. हे त्यांनी केव्हाच ठरवून ठेवलेलं असणार. ती गप्प बसली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती. शेखर वैतागला असता तो बापावर, आणि तेही घडीभरच.

“नाय,” ती म्हणाली. “बाबा काय नाय बोलले. मी बंद केला. याच्यात लिहिलं होता तसा.”

तिनं फोन उघडला, ते पान काढलं, मुरबाड नसलेली यादी, चौदा आकडे, सगळं पुन्हा भरलं आणि फोन शेखरच्या हातात दिला. “आता पुढं जाऊन दाखवा.”

शेखरनं बटण दाबलं. रिया उघडली. त्यानं ती बंद करून पुन्हा दाबलं. पाच-सहा वेळा दाबून झाल्यावर तो हळूहळू लाल झाला आणि त्यानं फोन रविंद्रला दिला. रविंद्र म्हणाला, असं नाही, थांबा. त्यालाही रियाच भेटली. मग त्यानं दोन बोटांनी पान बारीक केलं, इतकं की अक्षरं मुंगीएवढी झाली. तेव्हा वरचे आजोबा आणि नात जरा सरकले, आणि त्यांच्या मागून एक ओळ बाहेर आली. ती तिथं आधीपासून होती.

“काय लिहिलंय?” सकुबाईनं विचारलं.

रविंद्रनं एकदा देवरामांकडे पाहिलं.

“वाच की रे.”

“‘रुग्णाला प्रथम पर्यायी ऑक्सिजनवर ठेवा,’” तो म्हणाला. “‘पर्याय उपलब्ध नसल्यास एकक बंद करू नये.’”

सकुबाईनं सूप बाजूला ठेवलं. ती उठून आली, माधुरीच्या शेजारी उभी राहिली आणि तिच्या दंडाला धरून राहिली. शेखर पडवीत जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं आत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. “सांगायचं ना मला,” एवढंच म्हणाला.

“आमीपण हे पान बघत नाय,” रविंद्र खाली बघत म्हणाला. “आमाला सगळं शिकवलेलं असतं. ऑफिसला कळवतो मी. करतील का ते नाय सांगता येत.” मग त्यानं आपला स्वतःचा नंबर पेनानं मशीनच्या डोक्यावर लिहिला, मोठ्या आकड्यांत. “कधीपण करा. मी नाय उचलला तर परत करा.”

नवा स्पंज बसवायचा होता. शेखरनं सिलिंडर खाटेजवळ आणला, नळी त्याला जोडली, देवरामांच्या नाकाशी वारा येतो का ते स्वतः हात लावून पाहिलं. चिमट्यावर चौऱ्याण्णव.

“आता बंद करा,” रविंद्र माधुरीला म्हणाला. तीच बटणाच्या जवळ उभी होती.

तिनं हात पुढे केला. बटण वीतभर अंतरावर होतं. बाबा सिलिंडरवर आहेत, सगळे जवळ आहेत, आकडा चौऱ्याण्णव आहे, हे सगळं तिला कळत होतं. हात मात्र तिथंच राहिला. कानात तिला कोंबड्यांचा आवाज येत होता, खरा की त्या दिवशीचा ते कळेना.

“ऱ्हाऊ दे गो,” देवराम म्हणाले. खाटेवरून ते जरा पुढे वाकले, एक श्वास घेतला, हात लांब केला आणि स्वतःच बटण दाबलं.

खोली शांत झाली. रविंद्रनं जाळी काढली, स्पंज बसवला, जाळी लावली. दीड मिनिट लागलं असेल. तेवढा वेळ माधुरी चिमट्यावरच्या आकड्यावरून नजर न हलवता उभी होती, आणि देवरामांनी दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरून ठेवलं होतं.